फ्रेजल व्हर्ब, इडियम आणि रोजचं इंग्रजी: शनिवारच्या बॅचमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही इंग्रजीचा प्रोफेसर वगैरे नाही हे आधीच सांगतो. मराठी मीडियम, एबीसीडी पाचवीत भेटली, मग डिप्लोमा, मग हिंजवडी. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी दहा-बारा जण जमतो आणि फक्त रोजच्या इंग्रजीवर बोलतो, ग्रामरचं पुस्तक कोणी उघडत नाही. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा येतात की शेवटी म्हटलं एकदा लिहूनच काढू.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे नक्की काय भानगड आहे?

एक साधं क्रियापद घ्यायचं, त्याला अप, ऑफ, आउट, ऑन असलं एक चिमुकलं शेपूट लावायचं आणि अर्थ एकदम दुसरीकडेच जातो. 'लुक' म्हणजे बघणे, पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक इनटू' म्हणजे चौकशी करणे. 'पुट' म्हणजे ठेवणे, पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, आता यात ठेवणे कुठे आहे ते शोधत बसू नका.

हे ऐकून सगळे कपाळाला हात लावतात, तेव्हा मी एकच शब्द सांगतो: लागणे. आता बघा, भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, लॉटरी लागली, झोप लागली, फोन लागत नाही, दूध खाली लागलं, पोराला मोबाईलचा नाद लागला. स्वारगेटला बस लागली म्हणजे गाडी फलाटावर आली आणि घाटात बस लागली म्हणजे पिशवी शोधा. हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं का? कुठल्या वहीत 'लागणे'चे पंधरा अर्थ लिहून पाठ केले का? नाही ना. मराठी शिकणाऱ्या एखाद्या जर्मन माणसाला विचारा 'लागणे' काय प्रकरण आहे, तो रडेल. 'गेट' आणि 'पुट' आणि 'टेक' हे इंग्रजीतले 'लागणे', 'बसणे', 'टाकणे' आहेत, इतकंच.

पण पोस्टपोन हा शब्द असताना 'पुट ऑफ' कशाला पाहिजे?

हा प्रश्न मला फार आवडतो. इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द असतात कारण १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन आणि शेतात-स्वयंपाकघरात जुनी इंग्रजी असा कारभार चालला. म्हणून मग टॉलरेट, पोस्टपोन, डिस्कव्हर, एक्स्टिंग्विश हे भारदस्त शब्द लॅटिन-फ्रेंचकडून आले आणि पुट अप विथ, पुट ऑफ, फाइंड आउट, पुट आउट हे घरातले, जुन्या इंग्रजी मातीतले.

आपल्याकडे पण हेच आहे की. 'कार्यक्रम स्थगित करण्यात आला आहे' हे पाटीवर, आणि 'अरे पुढे ढकललंय' हे फोनवर. घरी कोणी म्हणतं का की आई, आजचा पोह्यांचा बेत स्थगित कर? पण शाळेत आपण फक्त 'स्थगित'वालं इंग्रजी शिकलो, कारण ते सोपं वाटतं, एक शब्द एक अर्थ, आणि म्हणून आपलं बोलणं महानगरपालिकेच्या परिपत्रकासारखं येतं. 'आय हॅव डिस्कंटिन्यूड स्मोकिंग' हे चूक नाहीये, ऐकणारा समजून घेतो, फक्त त्याला वाटतं हा मला नोटीस का देतोय. 'आय गेव्ह अप स्मोकिंग' म्हटलं की माणूस बोलतोय असं वाटतं.

हे न शिकता काम नाही का चालणार?

बोलायचं काम चालेल, समजायचं नाही चालणार. माझंच सांगतो. जॉबला लागून तीन महिने झाले होते, परदेशातल्या टीमबरोबर कॉल, तिकडच्या मॅनेजर बाई म्हणाल्या 'कॅन यू फिल इन फॉर हर ऑन थर्सडे?' मी म्हटलं 'शुअर, प्लीज सेंड द फॉर्म.' पलीकडे शांतता. मला वाटलं नेटवर्क गेलं. 'फिल इन फॉर' म्हणजे एखाद्याच्या जागी काम करणे, आणि मी गुरुवारपर्यंत तो फॉर्म यायची वाट बघत होतो, फॉर्म काही आला नाही, आणि गुरुवारी सकाळी डेमो मीच द्यायचा होता हे मला डेमोच्या वीस मिनिटं आधी कळलं. तेव्हापासून हा नाद लागला, बघा परत लागला.

अप, ऑफ, आउट यांना स्वतःचा काही अर्थ असतो की नुसतं पाठ करायचं?

बऱ्याच वेळा असतो आणि आपल्याला तो पकडणं तसं सोपं आहे, कारण मराठीत आपण हेच काम दुसरं क्रियापद जोडून करतो. 'खा' वेगळं आणि 'खाऊन टाक' वेगळं. 'टाक' लागलं की गोष्ट संपली, विषय कट. इंग्रजीत ते काम बऱ्यापैकी 'अप' करतं. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून टाक, 'टेअर अप' म्हणजे फाडून टाक. 'लिहून घे' म्हणजे 'राइट डाउन', 'पळून गेला' म्हणजे 'रॅन अवे', 'वापरून बघ' म्हणजे 'ट्राय आउट', 'बोलत राहा' म्हणजे 'कॅरी ऑन'. आणि माझं सगळ्यात आवडतं, 'उठून बस' म्हणजे 'सिट अप', तिथे तर इंग्रजीने उठणं त्या एका 'अप'मध्ये कोंबलंय.

'ऑफ'मध्ये बहुतेक वेळा सुटं होणं असतं: टेक ऑफ (कपडे, चप्पल काढणे, आणि विमान जमिनीपासून सुटतं ते पण हेच), कट ऑफ, ड्रॉप ऑफ. 'आउट'मध्ये बाहेर येणं किंवा संपणं: फाइंड आउट, रन आउट.

पण याचा नियम करायला जाल तर फसाल. 'स्लो अप' आणि 'स्लो डाउन' दोन्ही म्हणजे हळू होणे. घर 'बर्न अप' पण होतं आणि 'बर्न डाउन' पण, राख तीच. फॉर्म ब्रिटिश लोक 'फिल इन' करतात, अमेरिकन 'फिल आउट', आणि आपण बँकेत 'फिल अप' करतो. तर अंदाज बांधायला वापरा, पैज लावायला नको.

'बंद कर' ला इंग्रजीत काय म्हणायचं? मी फॅन क्लोज कर म्हटलं तर मुलगी हसते.

काकू, हसू दे तिला. हा प्रॉब्लेम तुमचा नाहीये, मराठीचं 'बंद' फार दिलदार आहे त्याचा आहे. आपण दार बंद करतो, फॅन बंद करतो, बडबड बंद करतो, दुकान बंद होतं, गाडी सिंहगड रोडला बंद पडते, डॉक्टर साखर बंद करतात आणि गुरुवारी पाणी बंद असतं. इंग्रजी प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द काढतं. दाराला क्लोज किंवा शट. फॅन, लाइट, गिझर, गॅस या सगळ्यांना टर्न ऑफ किंवा स्विच ऑफ. बडबडीला शट अप, पण हे फार उद्धट आहे, कोणाला म्हणू नका, सिनेमात ऐकायला ठीक. दुकान कायमचं बंद झालं तर क्लोज्ड डाउन. गाडी ब्रोक डाउन. साखर आपणहून सोडली तर गिव्ह अप, कमी केली तर कट डाउन ऑन शुगर. पाण्याचं मात्र बघा, महापालिकेने सोडलंच नाही तर 'देअर इज नो वॉटर टुडे' इतकं साधं म्हणा, पण टाकी रिकामी झाली तर 'वी हॅव रन आउट ऑफ वॉटर'.

मी सगळ्यांना हाच उद्योग सांगतो. इंग्रजी शब्दाची लिस्ट घेऊन मराठी अर्थ पाठ करू नका, उलट करा. आपलं एक मराठी क्रियापद घ्या, दिवसभर आपण ते कुठे कुठे वापरतो ते बघा, आणि मग प्रत्येक जागी इंग्रजीत काय म्हणतात ते शोधा. 'काढणे' घ्या (चप्पल काढणे, फोटो काढणे, पैसे काढणे, वेळ काढणे, भांडण उकरून काढणे), पूर्ण आठवडा जाईल.

'टर्न ऑफ इट' चूक का? 'टर्न ऑफ द लाइट' तर बरोबर आहे.

लाइटचं नाव घेतलंत तर कुठेही ठेवा, 'टर्न ऑफ द लाइट' पण चालतं आणि 'टर्न द लाइट ऑफ' पण. पण इट, हिम, हर, देम आलं की ते मध्येच बसतं: टर्न इट ऑफ, पुट इट ऑफ, पिक हिम अप. बाहेर ठेवलं की कानाला खटकतं.

आता लगेच कोणीतरी म्हणतं मग 'लुक हिम आफ्टर'? नाही. काही जोड्या फुटत नाहीत. लुक आफ्टर हिम, लुक फॉर इट, रन इनटू हर (म्हणजे अचानक भेटणे, धडकणे नव्हे, म्हणजे धडकणे पण होतं म्हणा). ओळखायचं कसं? एक कानाची युक्ती आहे. 'टर्न इट ऑफ' मोठ्याने म्हणा, जोर 'ऑफ'वर येतो. 'लुक आफ्टर हिम' म्हणा, जोर 'लुक'वर येतो. जोर शेपटावर असेल तर बहुतेक वेळा 'इट' मध्ये. 'कम अक्रॉस' (अचानक सापडणे) सारखे काही दगाबाज आहेत, जोर शेपटावर आणि तरी फुटत नाहीत, पण तेवढं चालायचंच. तीन शब्दांचे असतील, पुट अप विथ, रन आउट ऑफ, लुक फॉरवर्ड टू, तर ते बहुतेक फुटत नाहीत. आणि 'लुक फॉरवर्ड टू'च्या पुढे 'मीटिंग' येतं, 'मीट' नाही, ही चूक मी स्वतः मेलमध्ये दोन वर्षं केली आणि कोणी सांगितलं नाही.

ते बोलतात तेव्हा शब्द ऐकूच येत नाहीत, लिहिलेलं मात्र कळतं.

कारण ते शब्द सुटे बोलतच नाहीत. 'चेक इट आउट' हे 'चेकिटाउट' होतं. 'पुट इट ऑफ' हे 'पुटिटॉफ', आणि अमेरिकन असेल तर 'पुडिडॉफ'. आपण शोधत बसतो तीन शब्द आणि येतो एक घोळका. आपण पण हेच करतो, 'करून टाक' असं कोण म्हणतं, 'करुंटाक' म्हणतो. म्हणून फ्रेजल व्हर्ब वहीत लिहून नाही, तोंडाने शिकायचा, आख्खा एका श्वासात, सुटा सुटा नाही. स्कूटरवर बडबडत जा, कर्वे रोडच्या सिग्नलला थांबल्यावर लोक बघतील, बघू देत, हेल्मेट घातलं असेल तर ओळखणार पण नाहीत.

आणखी एक. 'द कार ब्रोक डाउन' यात जोर 'डाउन'वर. पण 'अ ब्रेकडाउन' असं नाम झालं की जोर 'ब्रेक'वर. तसंच 'पिकअप', 'चेकअप', 'बॅकअप'.

रोज दहा शब्द लिहितो आणि आठवड्यात सगळं साफ. डोकंच नाही का मला?

डोकं आहे. विसरणं हा डोक्याचा धर्मच आहे. हर्मन एबिंगहाउस नावाचा जर्मन माणूस होता, त्याने स्वतःवरच प्रयोग केले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती उरतात ते मोजायचं, आणि १८८५ मध्ये ते छापलं. निघालं असं की सगळ्यात जास्त गळती पहिल्या काही तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत होते, नंतर वेग कमी होतो. म्हणजे आज लिहिलेलं परत कधी वाचताय यावर सगळा खेळ आहे.

त्यावर एक स्वस्त उपाय सेबास्टियन लाइटनर याने १९७२ मध्ये सांगितला, तो मला फार पटतो कारण त्याला चपलेचा खोका पुरतो. खोक्यात तीन-चार कप्पे करायचे. प्रत्येक चिठ्ठीवर एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं तर सरळ पहिल्यात, दया नाही. मोबाईलवर हेच 'अंकी' नावाचं अ‍ॅप करतं, त्या जपानी शब्दाचा अर्थच पाठ करणे असा आहे. पण ज्यांना मोबाईल हातात घेतला की रील्स दिसतात त्यांनी खोकाच वापरा.

चिठ्ठीवर काय लिहायचं हे जास्त महत्त्वाचं. 'पुट अप विथ = सहन करणे' असं लिहाल तर काही उपयोग नाही. वरच्या फ्लॅटमधला मुलगा रात्री अकराला ड्रम वाजवतो ना? मग लिहा 'आय कान्ट पुट अप विथ द ड्रम्स एनी मोअर.' राग आला की वाक्य विसरत नाही. बॅचमधल्या एका ताईंनी सगळ्या चिठ्ठ्या सासूबाईंवर लिहिल्या, त्यांची सगळ्यात जास्त प्रगती झाली, खोका मात्र कुलपात ठेवतात.

किती शब्द आले की पुरे?

तुम्हाला वाटतात त्यापेक्षा खूप कमी, पण ते पक्के पाहिजेत. मायकल वेस्ट म्हणून एक जण होते, ढाक्याला शिकवायचे, म्हणजे आपल्यासारखीच पोरं समोर. त्यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० शब्दांची यादी काढली, साध्या इंग्रजी मजकुराचा बहुतांश भाग त्यात येतो. त्याच्याही आधी १९३० मध्ये सी. के. ऑग्डेन यांनी 'बेसिक इंग्लिश' नावाचा प्रकार काढला, फक्त ८५० शब्दांत सगळं बोलायचं, आणि त्यात क्रियापदं किती तर १८! गेट, गिव्ह, गो, पुट, टेक असली. बाकीच्या क्रियापदांचं काम कसं भागवलं, तर याच १८ना शेपटं लावून. एंटर नाही, गो इन. तशी भाषा कोणी बोलत नाही आणि बोलूही नये, पण यातून मला हे कळलं की गेट आणि पुट आणि टेक नीट आले तर माणूस अडत नाही. तर ते वर्तमानपत्रातले अवघड शब्द, 'आजचा शब्द' वगैरे, ते बाजूला ठेवा. ज्याला 'ऑब्स्ट्रेपरस' येतं आणि 'रन आउट ऑफ' येत नाही त्याच्या घरचा गॅस संपला तर तो काय बोलणार?

इडियम पाठ करू का? क्लासमध्ये शंभरची लिस्ट दिलीय.

लिस्ट कचऱ्यात टाका, सुका कचरा. इडियम म्हणजे त्यांचे वाक्प्रचार, आणि त्यांच्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे, समजायला हवेत तेवढे सगळे, बोलायला अगदी मोजके. 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आपल्याकडच्या प्रत्येक पुस्तकात असतं आणि मी इतक्या वर्षांच्या कॉलवर ते एकदाही ऐकलेलं नाही, तिकडे लोक 'इट्स पोअरिंग' म्हणतात, संपलं. आणि इडियम वापरताना एक शब्द जरी हलला तरी मजा जाते. 'पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपं काम, तिथे 'स्लाइस ऑफ केक' चालत नाही, जसं आपल्याकडे नाकी नऊ येतात, दहा येत नाहीत.

ऑफिसात खरोखर जे कानावर पडतं ते हे: ऑन द सेम पेज (दोघांची समजूत एकच असणे), कीप मी इन द लूप (मला कळवत राहा), टच बेस (थोडं बोलून घेणे), बॉलपार्क फिगर (ढोबळ आकडा), कर्व्हबॉल (अचानक आलेली अडचण). यातले शेवटचे तीन बेसबॉलवाले, म्हणून आपल्याला डोक्यात बसत नाहीत. ब्रिटिश असेल तर तो क्रिकेटचं बोलतो, 'स्टिकी विकेट' म्हणजे अवघड परिस्थिती, आणि ते आपल्याला लगेच कळतं, कारण सगळा उन्हाळा आपला ग्राउंडवरच गेलाय. कर्व्हबॉल म्हणजे त्यांची गुगली, एवढं लक्षात ठेवा.

काही इडियम मात्र इतके जुळतात की गंमत वाटते. 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे दिसूनही न दिसल्यासारखं करणे. याची गोष्ट अॅडमिरल नेल्सनची सांगतात. १८०१ ची कोपनहेगनची लढाई, वरून माघारीचा इशारा आला, आणि याने दुर्बीण लावली ती मुद्दाम अधू डोळ्याला, आणि म्हणे मला काही इशारा दिसत नाही. आता आपला शब्द बघा, काणाडोळा. आपण आता 'कानाडोळा' लिहितो आणि वाटतं कान आणि डोळा दोन्ही आहेत त्यात, पण मूळ शब्द काणा, म्हणजे एका डोळ्याने अधू. नेल्सनला कोणी मराठी शिकवलं नव्हतं आणि आपल्याला कोणी नेल्सन सांगितला नव्हता, तरी दोन्हीकडे एक डोळा बंदच.

आपलं मराठी इडियम सरळ इंग्रजीत केलं तर?

'डोंट ईट माय हेड' पुण्यात सगळ्यांना कळतं. पुण्याबाहेर जपून. परवा एकाने विचारलं 'वाटाण्याच्या अक्षता'ला काय म्हणू, मी म्हटलं 'दे टर्न्ड मी डाउन' म्हण आणि पुढे जा. वाटाणे इथेच राहू देत.

प्रीपोन, पास आउट, रिव्हर्ट, हे सगळं चूक आहे का?

चूक-बरोबर असं नाही, कोणाशी बोलताय ते बघा. 'प्रीपोन' आपला शब्द, आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही आहे आणि इतका सोयीचा आहे की मला तो टाकवत नाही. पण बाहेरच्या माणसाला 'ब्रिंग फॉरवर्ड' लवकर कळेल.

'पास आउट' मात्र जपून. 'आय पास्ड आउट इन २०१४' म्हटलं की अमेरिकन माणसाला वाटतं तुम्ही २०१४ मध्ये बेशुद्ध पडलात आणि अजून त्याबद्दल बोलताय. ब्रिटिश वळणाच्या लष्करात 'पासिंग आउट परेड' असते, आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत दर वर्षी होते, त्यामुळे पुण्यात हा शब्द जरा जास्तच मुरलाय. कॉलेजसाठी 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'आउट ऑफ स्टेशन' पण कॅम्पातलाच, स्टेशन म्हणजे साहेबाच्या नेमणुकीची जागा, साहेब गेला आणि आपण अजून आउट ऑफ स्टेशनच आहोत, 'आउट ऑफ टाउन' म्हणा.

'रिव्हर्ट' म्हणजे मूळ स्थितीला परत जाणे, मेलला उत्तर देण्यासाठी 'गेट बॅक टू मी'. 'आय हॅव अ डाउट' ऐकून तिकडच्याला वाटतं तुम्ही त्याच्यावर शंका घेताय, 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा. 'टुडे मॉर्निंग' हे 'आज सकाळी'चं जसंच्या तसं, तिथे 'धिस मॉर्निंग'. आणि 'लाइट गेली'ला 'लाइट वेंट' म्हणू नका, 'द पॉवर इज आउट'. 'स्टेपनी' तर बाहेर जवळजवळ कोणालाच कळत नाही, ते वेल्समधल्या एका जुन्या कंपनीचं नाव होतं, त्यांना सांगायचं 'स्पेअर टायर'.

डिक्शनरी कुठली घेऊ?

इंग्रजी-मराठी एक असू द्या, पण फ्रेजल व्हर्बसाठी 'लर्नर्स' लिहिलेली इंग्रजी-इंग्रजी घ्या. त्या मुळातच परक्यांसाठी लिहिलेल्या असतात. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवायचे, त्यांच्या कोशाची पहिली आवृत्ती १९४२ मध्ये तिकडेच निघाली आणि १९४८ पासून ती ऑक्सफर्डची झाली. लाँगमनने १९७८ च्या कोशात तर सगळे अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांत सांगायचे असं बंधनच घालून घेतलं. म्हणजे अर्थ बघायला परत डिक्शनरी लागत नाही. 'पुट' काढा, पानंच्या पानं भरलेली दिसतील, घाबरू नका, एका वेळी एकच वाचा. नवीन महाग वाटली तर अप्पा बळवंत चौकात जुनी विचारा, पाच-सात वर्षं जुनी असली तरी 'पुट ऑफ' काही बदललेलं नाही.

क्लास लावू का?

बोलायची संधी मिळणार असेल तर लावा, नुसतं ऐकायला नको. मी पण लावला होता एक, नाव नको, 'तीस दिवसांत फाडफाड' वाला. साठ जणांची बॅच, सर एक तास बोलायचे आणि आम्ही माना डोलवायचो, तीस दिवसांत सरांचं इंग्रजी चांगलंच सुधारलं. पैसे भरायच्या आधी एकच विचारा, एका तासात मी किती मिनिटं बोलणार?

वय झालंय, आता काय जमणार? फक्त नातवाशी बोलायचंय.

हा प्रश्न आमच्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त येतो, कारण पुण्यात दर तिसऱ्या मजल्यावर एक जण व्हिसाच्या तारखेची वाट बघत असतो. आजी, तुम्हाला उलट सगळ्यांपेक्षा सोपं आहे. तीन-चार वर्षांच्या पोराचं सगळं जग फ्रेजल व्हर्बचं असतं, त्याला पोस्टपोन-टॉलरेट माहीतच नसतं. वेक अप, गेट अप, सिट डाउन, टेक युवर शूज ऑफ, पुट युवर जॅकेट ऑन, कम ऑन, पुट इट डाउन, पिक अप युवर टॉइज. एवढ्यावर अख्खा दिवस निघतो.

आमच्या एक आजी पहिल्यांदा तिकडे गेल्या तेव्हा नातू दोन्ही हात वर करून सारखा 'पिक मी अप, पिक मी अप' करायचा आणि यांना वाटायचं फोन वाजतोय, त्या आपल्या फोन शोधायला जायच्या, आणि तो अजून रडायचा. तीन दिवसांनी सुनेने सांगितलं, आई, तो उचलून घ्या म्हणतोय. बॅचमध्ये हे सांगताना त्या हसत होत्या, पण मला नाही वाटत तेव्हा हसल्या असतील. आता त्यांच्या खोक्यातली पहिली चिठ्ठी तीच आहे.

त्याला वाचून दाखवायला चित्रांची पुस्तकं इथूनच न्या, आणि त्याला मराठी पण शिकवा, सगळं एकतर्फी कशाला.

इंग्रजी सिनेमे बघून येतं का?

येतं, सबटायटल इंग्रजी ठेवलं तर, आणि एकच सीन चार वेळा बघितला तर. अख्खा सिनेमा एकदा बघितला तर फक्त सिनेमा बघून होतो.

मराठीत विचार करणं बंद करा असं सगळे सांगतात, ते कसं करायचं?

करूच नका. मी तर म्हणतो जास्त करा. ज्याला 'दूध लागलं' आणि 'बस लागली' यातला फरक कळतो त्याला 'टेक ऑफ'चे दोन अर्थ कळायला काय अडचण आहे? अडचण फक्त शब्दाला शब्द ठेवत गेलात की येते.

चुकलं की लोक हसतात त्याचं काय?

पुण्यात राहता ना? इथे मराठी बोललं तरी लोक 'न'चा 'ण' करून देतात. सवय आहे आपल्याला.

आपल्या मराठीतून इंग्रजीत गेलेला एखादा शब्द आहे का?

आहे, मुंगूस. 'मॉन्गूस' हा आपल्या मुंगुसावरूनच गेलाय. आणि त्याचं अनेकवचन 'मॉन्गूसेस' होतं, 'गूस'चं 'गीज' होतं तसं 'मॉन्गीज' होत नाही, कारण त्या बदकासारख्या पक्ष्याचा याच्याशी काही संबंध नाही. हे मागच्या शनिवारी सांगितलं तर एक काका म्हणाले, मग आपण 'मुंगसं' म्हणतो तेच का नाही घेतलं त्यांनी?